चौथी सही

एक्स-रे विभागाच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळं हॉस्पिटल सहीबाई म्हणायचं, आणि बाईही ते नाव मिरवायच्या. सह्या घेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. फॉर्म पेशंटपुढे सरकवायचा, तीन ठिकाणी बोट टेकवायचं, "इथे, इथे आणि इथे," की पेशंट आत! कुणी विचारलंच की हे काय आहे, तर उत्तर ठरलेलं, "काही नाही हो, नेहमीचंच आहे."

गेल्या महिन्यात फॉर्मवर एक परिच्छेद वाढला. काढलेला एक्स-रे आधी कृत्रिम बुद्धिमत्ता पाहील आणि शंका आली तर खूण करेल, निदान मात्र डॉक्टरच करतील, आणि हे नको असेल तर तसं सांगा. पेशंटला नीट समजावून मगच सही घ्यायची, असा वरून हुकूम होता. सहीबाईंनी नाक मुरडलं. समजावत बसलं तर रांग जिन्यापर्यंत जाईल! त्यांनी आपलं एक "इथे" वाढवलं.

मग बाईंनाच खोकला लागला. तीन आठवडे हटेना, तेव्हा नवऱ्याने हात जोडले. "अगं, रोज दुसऱ्यांना आत पाठवतेस, एकदा स्वतःही जा."

गेल्या. खिडकीत त्यांच्याच हाताखाली तयार झालेली जोडीदारीण होती. तिने बोट टेकवलं, "इथे, इथे, इथे आणि इथे." सहीबाईंनी झोकात चार सह्या ठोकल्या. वाचलं बिचलं काही नाही.

दुपारी कागद हातात आला. 'कृत्रिम बुद्धिमत्तेची खूण: डाव्या फुप्फुसात संशयास्पद डाग.' बाई घाबरल्या, चांगल्याच घाबरल्या. आणि घाबरल्या की त्यांना राग येतो. तणतणत त्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरल्या.

"माझ्या छातीत डोकवायला त्या यंत्राला सांगितलं कुणी? मला विचारलं का?"

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म पुढे केला. चौथी सही, खाली नेहमीचा ऐटदार फराटा.

"बसा. लहानपणी न्यूमोनिया झाला होता का?"

"झाला होता की! मरता मरता वाचले."

"त्याचाच हा व्रण. तुमच्या दहा वर्षांपूर्वीच्या एक्स-रेतही अगदी अस्साच आहे. यंत्राने फक्त आजचा पाहिला, मी दोन्ही पाहिले. खोकल्याचं औषध देते." मग हसून म्हणाल्या, "फॉर्म वाचला असतात, तर एवढी धडकी भरली नसती."

बाई इतक्या ओशाळल्या की आभार मानायचंही राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी पहिले एक आजोबा आले. पेन भराभर चालत होतं. तीन सह्या झाल्या, पेन चौथ्या रेघेवर आलं.

"हे काय, नेहमीचंच ना?" मान वर न करताच त्यांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"नाही हो आजोबा," त्या म्हणाल्या, "हे नेहमीचं नाही. बसा, वाचून दाखवते."

मागची रांग कुरकुरत जिन्यापर्यंत गेली.