तिगावला सोयाबीन बघायला

तिगावच्या शेतकरी सुखदेवभाऊंचं पोस्टकार्ड आलं. 'साहेब, तुमचं पीक जिवापाड सांभाळून राहिलो, काळजी करू नका.' त्यांनी ते सांभाळायचंच नव्हतं! ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरच्या एका बियाणे केंद्रात नवखा सहायक होतो. आमच्या संकरातून निघालेल्या सोयाबीनच्या बारा ओळी, प्रत्येकीत वेगळं वाण, त्यांच्या शेतात पेरल्या होत्या. फवारणी न करता अळीला खाऊ द्यायचं आणि कोणती ओळ तग धरते, शेंगाही भरपूर देते, ते बघायचं. चार वर्षांचं काम होतं ते.

सकाळची पॅसेंजर पकडली. तिगावला तीच सोयीची. एक्सप्रेसने गेलात तर पांढुर्ण्याला उतरावं लागतं. काटोलला भजी घेतली, पण पुडी न सोडताच पिशवीत टाकली. मागच्या बाकावर कोणी सांगत होतं की यंदा अळी एवढी, की लोक शेजाऱ्याचं शेतही फवारून देतात.

बांधावर पोचायच्या आधीच औषधाचा वास आला. सुखदेवभाऊ पाठीवरचा पंप उतरवत हसून "जय भीम" म्हणाले. पाहुण्याचं पीक आपल्या डोळ्यांदेखत कसं खाऊ द्यायचं, म्हणून त्यांनी स्वतःचं औषध वापरलं होतं. आता नोकरी जाणार, एवढंच डोक्यात होतं.

"ही सातवी ओळ तेवढी सोडली," ते म्हणाले. "हिले अळी लागलीच नाही. मंग औषध कायले वाया घालवू?"

मी रांगत पानं उलटून पाहिली. दोनचार भोकं, बाकी हिरवंगार, शेंगा गच्च. पण शेजारच्या फवाऱ्याचे थेंब उडाले नसतील कशावरून?

"वाचलं ना पीक?" त्यांनी विचारलं. मी भित्रेपणाने मान हलवली आणि त्यांच्या घरी वहिनींनी वाढलेली भाकर-भाजी गुमान खाल्ली.

अहवालात मात्र खरं लिहिलं. बोलणी खाल्ली, नोकरी राहिली आणि सातव्या ओळीचं बी पुढच्या वर्षी पुन्हा त्यांच्याच शेतात पेरायला मिळालं. त्या पेरणीला मी त्यांना सगळं समजावलं. त्यांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे मीच तुमचं काम मारलं."

"नाही भाऊ, मी फवारू नका एवढंच सांगितलं, का ते सांगितलंच नाही."

ती ओळ त्या वर्षी फवारणीशिवाय टिकली. केंद्रात परतलो तेव्हा सगळे खूश होते. मला मात्र 'मीच तुमचं काम मारलं' म्हणतानाचा सुखदेवभाऊंचा तो घाबरलेला चेहराच दिसत होता. अजूनही दिसतो.