पहारा बदलला

देवावर माझा विश्वास राहिला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. निजामाच्या पलटणीतून लढाईवर गेलो आणि परत आलं ते नुसतं शरीर. समुद्रापलीकडच्या वाळूत मी पहाऱ्यावर उभा होतो. मला बदली द्यायला निघालेला सोबती वाटेतच तोफगोळ्यानं गेला. तेव्हापासून मला कुणी बदली दिलीच नाही. देवगावला घरी आलो तरी डोळा लागेना. अफू घेतली की लागे. त्या अफूपायीच एका दुकानदाराचं डोकं फोडलं आणि औरंगाबादच्या तुरुंगात येऊन पडलो.

आत अफू बंद. हाडं ठणकत, पोटात काही ठरत नसे, झोपेचं तर नावच नको. सतरंजीच्या मागावर बसवलं तर हात थरथरून धागे तुटत. दुपारची सुटी झाली की मी अंगणातल्या लिंबाखाली सावधान उभा राही. कैदी हसत. हसोत बापडे, मला बसवतच नव्हतं. एके दुपारी एकानं बाहेरून आलेली अफूची गोळी माझ्या मुठीत सरकवली. ती खाल्ली तर पुन्हा सुटका नाही, हे कळत होतं. तरी फेकवेना. फार थकलो होतो. वेरूळच्या महादेवाला मनात म्हटलं, आता तूच बघ, माझ्यानं होत नाही.

तेवढ्यात अंगण झाडणारा म्हातारा कैदी समोर आला. फर्दापूरचा मुसलमान, पूर्वीचा फौजी. तोवर आम्ही कधी बोललो नव्हतो.

"कवापासून उभा हायेस, बेटा?"

मी सगळं सांगितलं. तो हसला नाही. त्यानं टोपी नीट केली, झाडू बंदुकीसारखा खांद्याला लावला आणि माझ्या शेजारी टाचा जुळवून उभा राहिला.

"बदली आली, जवान. चार्ज दे."

पहारा सोडताना जवळ असेल ते बदलीवाल्याच्या स्वाधीन करायचं, ही फौजेची शिस्त. हाडात मुरलेली. माझी मूठ आपोआप उघडली आणि गोळी त्याच्या तळहातावर गेली. त्यानं ती मोरीत टाकली.

"जा, नीज आता. म्या हाय ना इथं."

मी तिथंच आडवा झालो. जागा झालो तेव्हा उन्हं कलली होती आणि म्हातारा तसाच उभा होता. जमादारानं त्याला हटकलं कसं नाही, हे मला आजही कळलेलं नाही. मला रडू आवरेना.

पुढे त्याला दुसऱ्या तुरुंगात हलवलं, मी सुटून गावी आलो. त्याला कुणी पाठवलं, हा वाद मी घालत नाही. म्हाताऱ्याचे आणि महादेवाचे, दोघांचेही उपकार मानतो. अजूनही अंग टाकताना महादेवाला चार्ज देतो. कधी कधी झोप येत नाही. मग नुसता पडून राहतो. पहारा आता माझा नाही.