खंडेनवमीला उतरलेला मेन स्विच

उचगावच्या वर्षाराणीला गप्प बसायला सांगणं म्हणजे आपलाच वेळ घालवणं. दहा वर्षं दुसऱ्याच्या दुकानातून वायफाय जोडत फिरल्यावर तिनं स्वतःचं काम काढलं आणि थेट उदयसिंहांच्या फौंड्रीत जाऊन सांगून आली, "साहेब, वायफायचा एक डबा मला लावू द्या. चालला तर बावीसच्या बावीस मीच लावणार."

तिथं आधीच्या माणसानं मोबाईलवरून लावलेलं वायफाय दर आठवड्याला मान टाकायचं, आणि तो दर वेळी विजेवर ढकलून मोकळा व्हायचा. उदयसिंहांनी तिला एका शेडमधला डबा दिला. ती उलट्या क्रेटवर बसली, लॅपटॉपची केबल डब्यात खुपसली आणि काळ्या पडद्यावर एकेक कमांड लिहू लागली. आधी वहीत, मग पडद्यावर, ही तिची पद्धत.

शेडचे जुने सुपरवायझर हंबीरराव मागं येऊन उभे राहिले. "मोबाईलवर बोट फिरवलं की झालं की! काय लिवत बसलियास?"

"मामा, मोबाईल त्याला वाटंल तेवढंच दावतोय. हितं मी इचारीन त्याचं उत्तर द्यावंच लागतंय."

संध्याकाळी शेडमधले माल नोंदवायचे सगळे स्कॅनर वायफायला जोडले गेले. हंबीररावांनी चहाला हाक मारली, चार लोकांनी कौतुक केलं, आणि वर्षाराणी केबल गुंडाळून फुशारकीत घरी आली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. घरच्या पाटावर लॅपटॉप मांडून तिनं हळदकुंकू वाहिलं. केबलवर फूल ठेवताना हात थांबला. सगळं लिहिलं होतं, पण ते कायमचं साठवून ठेवण्याची शेवटची कमांड द्यायचीच राहिली होती. वीज गेली की डबा सगळं विसरणार. तिनं घाईनं फोन लावला.

"आत्ताच वडला की मेन स्विच," हंबीरराव म्हणाले. "मशिनी धुतल्या, हार घातले. आता दसरा झाल्याबिगर हात लावायचा न्हाय."

तिला स्वतःचाच राग आला. बावीस डबे हातचे जाणार होते. विजेवर ढकललं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण मग आधीच्या माणसात आणि तिच्यात फरक काय राहिला?

दसऱ्यानंतर कारखाना उघडला तेव्हा कामगारांच्या आधी ती फाटकात हजर होती. उदयसिंह येताच म्हणाली, "साहेब, डबा कोरा झालाय. चूक माझी हाय."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मग आता?"

"दहा मिनिटं द्या."

सुकलेला झेंडूचा हार बाजूला करून ती क्रेटवर बसली, वही उघडली आणि नऊ मिनिटांत सगळं पुन्हा लिहिलं. शेवटची कमांड मोठ्यानं वाचून दिली. मग वळून म्हणाली, "मामा, शेडचा मेन वडा."

"चालू मशीन कशापायी बंद करू?"

"वडा हो!"

मेन उतरला, डब्याचा दिवा विझला. हंबीररावांनी स्विच परत वर केला. डब्याला जागं व्हायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं वर्षाराणी गप्प होती.

दिवा हिरवा झाला तशी ती क्रेटवरून उठली. कोपऱ्यातला स्कॅनर वाजला, मग दुसरा, मग सगळेच.

"उरलेले एकवीस कधी लावतीस?" उदयसिंहांनी विचारलं.

तिनं तोंड उघडायच्या आत हंबीररावांनी तिचा बसायचा क्रेट उचलला आणि ते पुढच्या शेडकडं चालू लागले.