फू न करता घातलेली फुगडी

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी, श्रावण तोंडावर आला असताना, माझा धाकटा दीर दारात येऊन उभा राहिला. मास्क हनुवटीवर ओढून म्हणाला, "वहिनी, सभागृहाची किल्ली द्या."

सभागृह म्हणायचं ते आपलं मानानं. कुपवाडच्या कारखान्यांमागची ती पत्र्याची एक मोठी खोली. दुष्काळी माण तालुक्यातनं पोटासाठी इकडं आलेल्या आम्हा लोकांनी सुट्टीच्या दिवशी विटा वाहून ती बांधली. दर पंचमीला तिथं आम्हा बायकांचा झिम्मा-फुगडीचा खेळ. सभागृहाच्या समितीत सगळे पुरुष आणि किल्ली मात्र आमच्याकडं, कारण केरसुणीही आमच्याच हातात.

"किल्ली कशाला?"

"पलीकडच्या कारखान्याला खोकी ठेवायला जागा पायजे. परवा तुमी झाडायला उघडलं तवा थोडी आणून टाकल्यात कोपऱ्यात. आता बाकीची येत्यात."

"आणि खेळ?"

"आवं, गेल्या साली झाला न्हाई, यंदा बी हुनार न्हाई. हात धरायला बंदी हाय. हाताबिगर फुगडी कवा कुणी घातलीया?"

"पंचमीला या, भावजी. दावते."

किल्ली कमरेलाच राहिली. दीर गेला आणि मी मटकन खाली बसले. दावणार काय, कपाळ?

लग्न होऊन आले तेव्हाची मी असते, तर असं बसले नसते. त्या पोरीला वाटायचं, फुगडी म्हणजे आपण गरागरा फिरवायचं आणि समोरचीनं गुमान फिरायचं. एका पंचमीला भर अंगणात तिनं नणंदेला असं फिरवलं, की नणंद गेली तुळशीला धडकायला आणि ही स्वतः शेणाच्या पाटीत. तिथनंही विचारते कशी, "जिंकलं कोण?" अक्कल गुडघ्यात होती. गुडघे धड होते म्हणून खपून गेलं.

दुसऱ्या दिवशी मी आशाताईला गाठलं. वस्तीत घरोघरी ताप बघत फिरणारी, माझ्या लेकीच्या वयाची बाई. तिनं आधी कपाळाला हात लावला आणि मग अटी घातल्या. आत मोजक्याच बाया, दारं-खिडक्या उघड्या, मास्क नाकावर, हाताला हात नाही.

"आणि मावशी, ते फू-फू अजिबात न्हाई."

फुगडीला आम्ही तोंडानं 'फू-फू' असा ताल धरतो, त्याला पकवा म्हणतात. पकव्याशिवाय पाय उचलत नाही.

"अगं, फुगडीचा जीवच तो."

"आणि रोग बी त्यातनंच पसरतोय," ती म्हणाली.

थोरल्या जाऊबाईंना हे सांगितलं. त्यांच्या जोडीची, गाणं उचलणारी बाई पहिल्याच लाटेत गेली होती. तेव्हापासून जाऊबाई उंबऱ्याबाहेर पडत नव्हत्या. मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या, आक्का. देऊन टाकू किल्ली."

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिचा आवाज मला दुसरीकडं कुटं ऐकू येत न्हाई. तितंच येतोय. खोक्यांत कसा यील?" आणि सूप बाजूला ठेवून उठल्या.

हात धरायचा नाही तर कापड धरू, ही युक्ती माझी. म्हणून तालीम करायला मी सभागृहात सुनेची झुळझुळीत साडी नेली. पीळ घालून एक टोक मी धरलं, एक आक्कांनी. मला वाटलं, जमलं. जरा वेग घेतला आणि साडी माशासारखी निसटली. मी थेट खोक्यांत. वय वाढलं तरी शेणाच्या पाटीची सवय जात नाही ती अशी.

"जिंकलं कोण?" आक्कांनी विचारलं. एवढ्या वर्षांनी! दीड वर्षात पहिल्यांदा त्या पोट धरून हसल्या.

मग त्यांनी आपलं जुनं सुती लुगडं आणलं. पाण्यात बुडवलं, पिळलं, दोन्ही टोकांना गाठी मारल्या. ओलं सूत हातातनं सुटत नाही. पण पायाला पाय लावून जागच्या जागी फिरायची आमची फुगडी आता मोठ्या गोलात धावायला लागली. पहिल्या दिवशी दोघींच्या पोटऱ्या भरून आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा धावलो. तिसऱ्या दिवशी आक्का म्हणाल्या, "तू वढू नगंस. नुसता भार दे माझ्यावर." जन्मभर फुगडी घालून हे मला तेव्हा कळलं.

पकव्याचं मात्र अडलं होतं. तोंड बंद तर ताल कोण देणार? आत ज्यांना जागा नव्हती त्या बायका रुसल्या होत्या. त्यांना म्हटलं, "घरातनं सूप आणा आणि खिडकीबाहेर लांब लांब उभ्या ऱ्हावा. फू आम्ही करणार न्हाई, तुमची सुपं करतील."

पंचमीला दुपारी आत दोनच जोड्या, प्रत्येक जोडीचं लुगडं वेगळं. बाहेर सुपांवर थापा पडल्या आणि पत्रा घुमायला लागला. आम्ही धावलो, मागं झुकलो, भार दिला, घेतला. मास्क ओला होऊन नाकाला चिकटला. गाणं उचलायची वेळ आली तशी मी घाबरले, पण मास्काच्या आतनं आक्कांनीच ते उचललं, तिथल्या तिथं जुळवून:

लुगड्याला घातला पीळ, धर गं बाई धर,
भावजी बघत्यात काय, खोकी डोईवर!

खिडक्यांतनं हशा उसळला. दीर दारातच होता. खेळ थांबला तेव्हा म्हणाला, "वहिनी, दम लागलाय तुमास्नी. बसा जरा."

"आधी खोकी."

"उद्या टेम्पो लावतो की."

"उद्या कशाला? दार आजच उघडं हाय."

त्यानं बाहेरच्या बायकांकडं बघितलं. एकीनं सुपावर थाप दिली, मग दुसरीनं. दिरानं बाह्या सारल्या आणि पहिलं खोकं उचललं.

कोपरा मोकळा होत होता तसा बाहेर कालवा वाढला, "आता आमी! आता आमची पाळी!" आक्का दारात उभ्या राहून दोघी-दोघींना आत सोडायला लागल्या. मी पुढच्या जोडीचं लुगडं बादलीत बुडवलं आणि पिळायला घेतलं.