धोंडी आणि धूर

साताऱ्याच्या मुलींच्या वसतिगृहात शनिवारी दुपारनंतर शुकशुकाट असायचा. माझ्या खोलीतली एक फलटणची, दुसरी पलूसची. दोघी उसाच्या घरातल्या. रिकामे डबे घेऊन जायच्या आणि सोमवारी भरून आणायच्या. माझं गाव आटपाडीच्याही पलीकडे, माळावर. जायला अख्खा दिवस, यायला अख्खा दिवस, मग राहायचं कधी? म्हणून मी जातच नसे. रविवारी संध्याकाळी मेस बंद. पलूसची मुलगी मागे ठेवून गेलेलं भडंग खात मी खिडकीत बसायची आणि किल्ल्यावर उतरणारे ढग बघायची. ते बघून मला आनंद व्हायचा नाही, राग यायचा. एवढं पाणी इथं कुणाला हवं होतं?

त्या दोघी मला लाडानं ‘दुष्काळी’ म्हणायच्या. “आज दुष्काळीनं दोन बादल्या घेतल्या गं,” असं. मीही हसायची. हसले नसते तर त्या खोलीत माझ्याशी बोलायला कोण राहिलं असतं?

आमच्या घरात मात्र दुष्काळ हा थट्टेचा विषय नव्हता. त्याला कारण धोंडी. पाऊस ओढ देऊ लागला की आमच्या गावात एका माणसाच्या अंगभर लिंबाचा पाला बांधायचे, त्याला दारोदार फिरवायचे. दारातल्या बाईनं त्याच्या डोक्यावर घागरभर पाणी ओतायचं आणि सुपात पसाभर धान्य घालायचं. ही धोंडी पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरातल्या पुरुषानं व्हायची. पाऊस साऱ्या गावाला हवा, भिजायचं मात्र आम्ही. छप्पननंतर आम्ही बौद्ध झालो आणि माझ्या आज्यानं पाला बांधून घ्यायला नकार दिला. गावानं दुसरं कुणी शोधलं नाही. प्रथा तिथंच थांबली.

तेव्हापासून पाऊस गेला, असं गाव म्हणायचं. भांडून नव्हे. पारावर तंबाखू मळता मळता, हसत. “गड्या, तुज्या बानं धोंडी सोडली आन् पावसानं गाव सोडलं.” माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, फौजेतून पेन्शनीत आलेले. बर्फात पहारा दिलेला माणूस. तेही सगळ्यांबरोबर हसायचे. घरी आल्यावर बराच वेळ कुणाशी बोलत नसत, हे पारावरच्यांना काय ठाऊक! मला ते हसणं लहानपणापासून सहन व्हायचं नाही.

बी.ए.ला मी भूगोल घेतला. आमचे सर कमी बोलणारे. वर्गात कुणी काहीही विधान केलं की त्यांचा एकच प्रश्न, “कशावरून?” पोरं त्याची नक्कल करायची. सर, आत येऊ? कशावरून? शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एक विषय घेऊन लिहायचं होतं. मी घेतला, आमच्या तालुक्याचा पाऊस कमी का झाला. सरांनी मान हलवली, एवढंच.

नव्वदीतली ती सुरुवातीची वर्षं. पृथ्वी तापते आहे, हवामान बदलतं आहे, असं तेव्हा नुकतंच वाचायला मिळू लागलं होतं. ग्रंथालयात एक इंग्रजी मासिक यायचं. त्यातला एक मोठा लेख मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचला. धूर! मोटारींचा, गिरण्यांचा, कुठल्या कुठल्या देशांतल्या कारखान्यांचा. हवेत कार्बन साठतो, उष्णता अडकते, पावसाचं चक्र बिघडतं. मी लेख पुन्हा वाचला आणि तिथंच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती गावानं, आणि तो संन्यासी माझा आजा होता.

मे महिन्यात घरी गेले आणि आण्णांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “पुन्यांदा सांग.” मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते पारावर गेले ते छाती काढून. “आमच्या पोरीनं शोधून काडलंय. धुरानं पाऊस गेलाय, धोंडीनं न्हवं. बाहीरच्या देशातले लोक बी ह्येच म्हनत्यात.” बाहेरच्या देशाचं नाव काढल्यावर गावाला ऐकावंच लागलं. सरपंच म्हणाले, पंधरा ऑगस्टला झेंड्यापाशी पोरीला बोलू द्या. आमच्या वस्तीतलं माणूस झेंड्यापाशी बोलणार, हे कधी घडलं नव्हतं. आण्णांनी ट्रंकेतला काळा कोट त्याच दिवशी उन्हात घातला. ऑगस्ट अजून लांब होता.

साताऱ्याला परतल्यावर मी भाषण लिहायला घेतलं. सुरुवात झकास जमली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, म्हणून कावळ्यानं फांदी मोडली असं होत नाही. आज्यानं धोंडी सोडली आणि पुढं कोरडी वर्षं आली, एवढंच. पुढे मी हुकमी पान टाकलं. सहाशे वर्षांपूर्वीचा दुर्गादेवीचा दुष्काळ. आमच्याकडं म्हातारी माणसं तो असा सांगतात, जणू काल त्यांच्या डोळ्यांसमोर झाला. तेव्हा तर आमच्या घरातले पुरुष मुकाट्यानं पाला बांधून घेत असतील. मग तेव्हा पाऊस का गेला होता? सांगा ना आता! मी एकटीच खोलीत खुर्चीवरून उठले, इतका आनंद झाला.

तो रविवार होता. बाहेर झिमझिम चालू होती. मी उठले आणि उभीच राहिले. कारण तोच प्रश्न कुणीतरी मला विचारल्यासारखा झाला. दुर्गादेवीच्या वेळी मोटारी कुठं होत्या? गिरण्या कुठं होत्या?

फांदी तीच होती. मी फक्त कावळा बदलला होता.

त्या संध्याकाळी मला फार एकटं वाटलं. हे सांगायला कुणी नव्हतं. खोलीतल्या मुलींना सांगायचं तर आधी धोंडी सांगावी लागली असती, मग आम्ही कोण ते सांगावं लागलं असतं, आणि मग त्या माझ्याशी जपून बोलू लागल्या असत्या. चिडवणं परवडलं. भडंगाची पुडी तशीच राहिली.

सोमवारी सरांकडे गेले. धोंडीबद्दल त्यांनाही काही बोलले नाही. फक्त पावसाचं विचारलं. ते म्हणाले, “पृथ्वी तापते आहे असं पुष्कळ अभ्यासक सांगतात आणि मला ते पटतं. पण तुझ्या गावचा पाऊस त्यानं गेला, हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही, सर.”

“मुळात तो कमी झाला आहे?”

“सगळे म्हणतात.”

ते म्हणाले, “मग तुला ते इतकं खरं का वाटलं?”

उत्तर मला माहीत होतं. मला ते हवं होतं म्हणून. गावाला जसं आमच्या माथी मारायला एक कारण हवं होतं, तसंच मला ते उतरवायला. हे मी सरांना सांगितलं नाही. मान खाली घालून बाहेर आले. पुढे बरेच दिवस वर्गात कुणी काही ठासून बोललं की मला त्याच्या बोलण्यापेक्षा त्याला काय हवं आहे ते आधी दिसायचं. ही सवय लागली की माणसं आपल्याशी गप्पा मारायला येईनाशी होतात.

चौदा ऑगस्टला आटपाडीची गाडी धरली. साताऱ्यात पाऊस होता. पुसेगाव मागे पडलं तशी खिडकीची काच कोरडी झाली, आणि म्हसवडपुढे नुसता माळ. ढग डोक्यावर होतेच, आमच्याच दिशेनं पळत होते, पण डोंगरानं आधीच पिळून घेतलेले. हे पुस्तकात शाळेपासून लिहिलेलं होतं, पर्जन्यछायेचा प्रदेश. पाठ करून मार्कही मिळवले होते. पण डोंगरावर राग काढता येत नाही, म्हणून ते कारण आमच्यापैकी कुणाला कधी पुरलंच नव्हतं.

सकाळी झेंडा झाला. आण्णा पुढच्या रांगेत, काळा कोट, छातीवर पदकं. मी उभी राहिले. कावळ्याचं सांगितलं, लोक हसले. दुर्गादेवीचा दुष्काळ सांगितला, म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. आण्णा शेजारच्याला कोपरानं ढोसत होते. मग मी म्हणाले, “पृथ्वी तापतेय हे खरं आहे, आणि ते वाईट आहे. पण आपला माळ त्याच्या आधीपासून कोरडा आहे. डोंगर पाऊस अडवतो. आता पूर्वीपेक्षा कमी पडतो का, आणि पडत असेल तर धुरानं का, ते मला माहीत नाही.”

मागून कुणीतरी म्हणालं, “मंग इतकं शिकून काय केलं?” हशा झाला. पारावरचे एक म्हातारबा काठी टेकत उठले. शांतपणे म्हणाले, “धुरानं न्हाई, म्हनती पोरगी. म्हंजी आमी म्हनत हुतो त्येच आसंल की.”

मी घाईघाईनं सांगू लागले, नाही, ते नाही हे माहीत आहे, आत्ताच सांगितलं ना, दुर्गादेवीच्या वेळी... पण तोवर पोरांना बुंदी वाटायला सुरुवात झाली होती. सरपंचांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे उठले.

आण्णा माझ्यापुढं चालत घरी आले. कोट काढून त्यांनी त्याची नीट घडी घातली. आई म्हणाली, “जेवा आदी.” ते जेवले नाहीत.

“आवं आण्णा,” मी म्हटलं, “बिनपुराव्याचं मी बी बोलली आस्ते, तर त्यांच्यात आन् माज्यात काय फरक ऱ्हायला आसता?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“तुजं खरं हाय, बाय,” ते म्हणाले. “मला बी कळतंय त्ये. पर तू उद्याच्या गाडीनं जाशील. मला हितंच ऱ्हायचंय.”

मी दुसऱ्या दिवशी पहिल्याच गाडीनं गेले.