साडूचे दुप्पट शेअर

साडूचं बरं झालं की माझ्या पोटात दुखतं. त्यात लपवायचं काय? घाटनांदूरला त्याचं खताचं दुकान, नेकनूरला माझं भांड्यांचं. फोनवर शेअर घ्यायला आमी बरोबरच शिकलो.

एका कंपनीनं एका शेअरवर एक बोनस शेअर जाहीर केला. रेकॉर्ड डेटच्या आदल्या दिवसापर्यंत जो शेअर घेईल, त्यालाच बोनस मिळणार होता. तो आदला दिवस नेमका अमावस्येचा निघाला. अमावस्येला आमच्या घरात नवी सुईसुद्धा येत न्हाई, तिथं शेअर कुठून येणार? मी थांबलो. साडूनं बिनधास्त घेतले.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर भाव निम्म्यावर! मी पटकन घेतले आणि साडूला फोन लावला, "तुमी फसलात. मला निम्म्या भावात मिळाले."

तो हसला. "अहो साडूभाऊ, एका भाकरीचे दोन तुकडे केले, तर तुकडा निम्म्या भावातच मिळणार. तुमचं काही गेलं न्हाई, माझं काही वाढलं न्हाई."

पुढं चकलांब्याला सासुरवाडीला गेलतो, तर धाकट्या जावयाचे शेअर दुप्पट झाले म्हणून सासूबाई पेढे वाटत होत्या. साडू मान खाली घालून कौतुक ऐकत होता. भाकरीचं नावही काढीना. मग मीच तावातावानं सगळ्यांना भाकरीचा हिशेब समजावून सांगितला.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. एका पेढ्याचे दोन तुकडे केले आणि त्यातला एक माझ्या हातावर ठेवला. साडूच्या हातात दोन अख्खे होते.