शेणव्याच्या दुकानाचं दुसरं दार

अगो सुमे, कागदावरून का होईना, जरा जवळ सरक. नवं दुकान मांडतेयस आणि मावशीला विचारतेस काय, तर भिंतीला रंग कोणता द्यावा! आत पाऊल टाकायला कोण धजावेल, ते विचारावं पोरी आधी. ऐक आता.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या हिवाळ्यात आम्ही दोघं आसनगावला उतरलो. तुझ्या काकांच्या डोक्यात एकच, शेणव्याला असं दुकान काढायचं की गाव आणि गावाबाहेरची आदिवासींची वाडी एकाच ओट्यावर बसेल. मिठाची पोती, खादीचे तागे बैलगाडीत भरले. शहापूर मागं पडलं तशी सागाची दाटी झाली. पाचोळा एवढा वाळलेला, की उंदीर पळाला तरी माणूस मागून येतोय असं वाटे. गाडीवान मागं वळला. मग म्हणाला, "आमी पिंपळापाशी उतरवू. दुकानापतूर नाय येनार."

"का रे बाबा?"

"आमाला गावात ऱ्हायाचं हाय, बाय."



गावातल्या जुन्या दुकानाचा ओटा छातीएवढा उंच. वाडीतल्या बायका खाली पदर पसरून उभ्या राहत आणि दुकानदार वरून मीठ टाकी. आम्ही ओटा गुडघ्याएवढाच घातला. तागडी (तराजू) पुढं टांगली, काटा गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर. आत बसायला घोंगडी अंथरली. कारवीचा कुड (काटक्यांची भिंत) मी माझ्या हातांनी सारवला. वाटलं, लोक धावत येतील.

आठ दिवस कुणी फिरकलं नाही. आला तो जमीनदाराचा कारभारी. वर छपराकडं बघून हसला. "गवताचं केलंत होय, वहिनी? वाडीची माणसं आत बसली ना, की असं गवत पेटतं हो."

त्यानंतर चुलीचा धूर आला तरी मी बाहेर धावायची.

शेवटी एकटीच वाडीवर गेले. मला बघून पोरं झोपड्यांत पळाली. भिमी नावाची एक बाई तेवढी जागची हलली नाही. तिनं नाचणीची भाकर आणि सुकट (सुकी मासळी) पुढं केली. मी तिथंच बसून खाल्ली, तेव्हा कुठं बोलली.

"दुकान बरं हाय गो. पन दार येकच."

"दुकानाला दारं असतात तरी किती?"

"माजा दादला असाच मीठ आनाया येका दुकानात शिरला. मागनं कडी घातली. तीन दिस लाकडं वाहाया नेला, वेठीला (फुकटच्या सक्तीच्या कामाला). तुजी घोंगडी बगून बाया म्हनतात, बसवते म्हंजे धरनार."

मानानं अंथरलेली घोंगडी, आणि त्यांना तो सापळा दिसत होता!

परतल्यावर काकांनी दुसऱ्या दारासाठी कोयत्यानं मागचा कुड तोडायला घेतला. "आता पेटवणारा दोन्हीकडून येईल," ते म्हणाले.

"येऊ दे," मी म्हटलं खरं, पण पाण्याचे हंडे भरून दोन्ही दारांशी ठेवले.

दुसऱ्या दिवशी भिमी आली. समोर पिंपळाखाली कारभारी दोन माणसं घेऊन उभा. ती पुढून शिरली, मागून बाहेर पडली. पुन्हा शिरली, पुन्हा बाहेर. मागं रानाच्या कडेला वाडीतल्या बायका बघत होत्या. आम्ही दोघं जागचे हललो नाही. तिसऱ्यांदा ती आली आणि घोंगडीवर टेकली.

"आता मीठ दे. आन् येवडी हसू नको, भ्या वाटतं."

मग एकेक करून सगळ्या आल्या, मागच्या दारानंच. कारभारी काही न बोलता गेला. चार शिव्या देऊन गेला असता तर मला बरं वाटलं असतं.

हिवाळा सरला, छप्पर शाबूत राहिलं. उन्हाळ्यात भिमीच्या हाती तागडी देऊन आम्ही परत निघालो, तेव्हा वाडीतल्या दोघी चक्क पुढच्या ओट्यावर बसल्या होत्या. पण मागचं दार सताड उघडं ठेवूनच. भीती काही गेली नव्हती गो, त्यांची नाही आणि माझीही नाही. अजून परक्या दुकानात शिरले की माझी नजर आधी मागच्या भिंतीवर जाते.

तेव्हा रंगाचं मग बघू, तुझ्या दुकानात शिरणाऱ्याला कशाची भीती वाटेल ते आधी समोर बसून बोलू. होळीआधी दोन दिवस सवड काढ आणि ये बाई लवकर.